मदरबोर्ड निवडताना : शिरूर-दौंडकडचा विचार

मागच्या भागात प्रोसेसर झाला, आज मदरबोर्ड. आपल्याकडे, शिरूर असो की दौंड, कॉम्प्युटर जोडून घेणारा माणूस प्रोसेसर नाव घेऊन मागतो आणि मदरबोर्डचं म्हणतो, "चालेल तो टाका." चालतो हो! पण रॅम, डिस्क नंतर बदलता येते. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे अख्खा कॅबिनेट रिकामा करायचा.

आधी सॉकेट बघा. एएमडीचं एएम ४ हे सॉकेट २०१६ साली आलं आणि रायझनच्या कितीतरी पिढ्या त्यावर बसल्या. २०२२ मध्ये एएम ५ आलं, त्यावर फक्त डीडीआर ५ रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये मात्र घोळ आहे. सॉकेट एकच, पण काही बोर्ड डीडीआर ४ चे, काही डीडीआर ५ चे. रॅमची खाच वेगळी असते, एकीची दुसरीत बसतच नाही. घरातली जुनी रॅम वापरायची असेल तर हे आधी विचारा.

आता खरा मुद्दा. पॉवर सप्लायकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात, प्रोसेसरला लागतात साधारण एक-सव्वा. हे उतरवण्याचं काम सॉकेटशेजारचा व्हीआरएम करतो, आणि तो तापतो. बिलं काढायची, ऑनलाइन फॉर्म भरायचे, एवढंच काम असेल तर एच ६१० सारखा साधा बोर्ड पुरे. पण कुणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, कुणी रांजणगाव एमआयडीसीतल्या कामासाठी कॅड चालवतो. मे महिना, वर पत्रा, आणि प्रोसेसर तासनतास पूर्ण जोरात. अशा वेळी व्हीआरएमवर हीटसिंक नसलेला स्वस्त बोर्ड लगेच जळत नाही, तो गुपचूप प्रोसेसरचा वेग कमी करतो. महागड्या प्रोसेसरचे पैसे दिलेले असतात आणि काम होतं त्याच्या धाकट्या भावाचं. त्यापेक्षा प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या आणि बी ७६० किंवा बी ६५० चा, हीटसिंकवाला बोर्ड घ्या. ओव्हरक्लॉकिंग करणार नसाल तर झेड मालिकेवर खर्च करू नका.

दुसरं, लाइट. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड सुरूच होत नाही, असं होऊ शकतं. म्हणून यूपीएसशिवाय अपडेटला हात लावायचा नाही. काही बोर्डांवर मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. बिघडलेला बायोस पेनड्राइव्हवरून परत भरता येतो, प्रोसेसर बसवलेला नसला तरी. रंगीत दिव्यांपेक्षा या बटणासाठी मी चार पैसे जास्त देईन.

(श्रोत्यांतून प्रश्न : बोर्डाला एचडीएमआय आहे, मग ग्राफिक्स कार्ड कशाला?)

चांगलं विचारलंत. ते नुसतं भोक आहे हो, चित्र तयार करतो प्रोसेसर. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, आणि त्या एचडीएमआयवर काहीच दिसणार नाही. तिथे कार्ड लागणारच.

आणि वॉरंटी. बोर्ड बिघडला तर बहुधा पुण्याला न्यावा लागतो, म्हणजे जाऊन-येऊन दिवस गेला. एलजीए सॉकेटमधल्या बारीक पिना वाकलेल्या निघाल्या तर कंपनी सहसा वॉरंटी देत नाही. म्हणून बॉक्स दुकानातच, दुकानदारासमोर उघडा, सॉकेटवरचं झाकण उचलून मोबाइलवर जवळून फोटो घ्या, आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.