मुकुंदवाडीचं पाणी, टाऊन हॉलची खुर्ची

२०१९ साली छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीतली शाळकरी पोरं रिकामे कॅन घेऊन रेल्वेत चढत, शहराच्या मुख्य स्टेशनावर पाणी भरत आणि गाडीनेच घरी परतत. शहराला पाणी देणारं जायकवाडी धरण पैठणला, सुमारे ५० किलोमीटरवर. तिथून पाणी उपसून आणावं लागतं, पण कोणत्या वस्तीत जलवाहिनी आधी पोचणार, हे महापालिकेच्या सभेत ठरतं. आणि त्या सभेत निवडून जाऊन बसायचा हक्क त्या पोरांच्या आईलाही आहे!

महापालिकेचा उंबरठा किती ठेंगणा आहे पाहा. निवडणूक लढवायला वय २१ पूर्ण हवं, शहराच्या मतदारयादीत नाव हवं. शिक्षणाची अट नाही. निम्म्या जागा महिलांच्या. हंडा मोर्चात पुढे चालणारी बाई टाऊन हॉलमधल्या महापालिकेच्या सभागृहात पोचू शकते, ती अशी.

मृणाल गोरे अशाच पोचल्या. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या समाजकार्यात उतरल्या, गोरेगावात पाण्यासाठी लढल्या आणि १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. मला खरं नवल पुढचं वाटतं. खुर्ची मिळाल्यावरही त्यांनी रस्ता सोडला नाही. १९७२च्या महागाईविरोधी लढ्यात त्या लाटणं घेऊन बायकांच्या पुढे होत्या, आणि १९७७ साली थेट लोकसभेत गेल्या.

रस्ता सोडून चालतही नाही. कारण कारभार चालवतो राज्य सरकारने नेमलेला आयुक्त. नगरसेवकाच्या हाती असतात प्रश्न, ठराव आणि अर्थसंकल्पावरचं मत. मोठ्या कामांच्या निविदा मंजूर करते १६ जणांची स्थायी समिती. तिच्यातले निम्मे सदस्य दरवर्षी बदलतात. पाठीशी वस्ती उभी नसेल, तर एकट्याचा आवाज तिथे विरून जातो.

आपल्या शहरात तर एप्रिल २०२० पासून हा आवाजच नव्हता. जवळपास सहा वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि २९ प्रभागांतून ११५ जण निवडून आले.

सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते. एकदा जाऊन बसा, आणि आपल्या प्रभागाचे सदस्य पाण्याबद्दल काय बोलतात ते स्वतःच्या कानांनी ऐका.