आसने चार, माणसे किती?

अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे जाताना लागणाऱ्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. येथील नियोजित वैमानिक प्रशिक्षणासाठी एअर इंडियाने ३४ छोट्या विमानांची मागणी नोंदविली. त्यांत ३१ एकइंजिनी पायपर व ३ दुइंजिनी डायमंड विमानांचा समावेश आहे. खाजगी मालकही अशाच जातीची विमाने वापरतात. त्यांची तुलना कोणत्या कसोटीवर करावी?

सुप्रसिद्ध सेसना १७२ चे पंख छतावर असल्याने खालची शेते स्पष्ट दिसतात, सावलीही मिळते. दारे दोन्ही बाजूंस असतात. पायपर आर्चरचे पंख खाली, दार एकच व तेही उजवीकडे. वेग दोहोंचा ताशी सुमारे २३० किलोमीटर. डायमंड डीए-४२ अधिक वेगवान असून एक इंजिन बंद पडले तरी दुसरे हाताशी राहते; मात्र देखभालीचा खर्चही वाढतो.

वऱ्हाडात खरी कसोटी उन्हाळ्याची आहे. तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे पंखांची उचल व इंजिनाची शक्ती घटते आणि धावपट्टी अधिक लागते. जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण प्रवाहांत हलके विमान हिंदकळते. सेसना वा आर्चरमध्ये आसने चार असली, तरी चार प्रौढ व भरलेली टाकी यांचा भार बहुधा एकत्र पेलत नाही. भर दुपारी ही मर्यादा आणखी आवळते. म्हणून उड्डाणापूर्वीचा वजनाचा हिशेब ही केवळ औपचारिकता नव्हे. प्रवाशांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर अवश्य मांडावे.