ऑनरस : मान नव्हे, भार



आज एका जुन्या इंग्रजी शब्दाची ओळख करून घेऊ. शब्द आहे ‘ऑनरस’. ऐकायला तो ‘ऑनर’ म्हणजे मान, याच्या जवळचा वाटतो, पण दोघांचं काही नातं नाही. लॅटिन भाषेत ‘ओनस’ म्हणजे ओझं. त्यावरून ऑनरस म्हणजे डोईजड, भारी पडणारं. रोजच्या बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही, कायद्याच्या कागदांत मात्र टिकून आहे. करारातल्या ‘ऑनरस’ अटी म्हणजे आपल्या भाषेत जाचक अटी.

हा शब्द आपल्या कामाचा कसा? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याचं कलम १२७ ‘ऑनरस गिफ्ट’बद्दल, म्हणजे बोजा असलेल्या बक्षिसाबद्दल आहे.

समजा, वडिलांनी लेकीला एकाच बक्षीसपत्रानं दोन तुकडे दिले. एक विहिरीचा, बिनकर्जाचा. दुसरा माळाचा, त्यावर सोसायटीचं कर्ज. लेक म्हणाली, “विहिरीचं रान घेते, माळ नको,” तर चालत नाही. घ्यायचं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. तेच दोन वेगवेगळी, स्वतंत्र बक्षीसपत्रं केली असतील, तर एक घेऊन दुसरं नाकारता येतं.

मूल अज्ञान असताना त्याच्या नावावर असं बक्षीस झालं, तर तो भार त्याच्यावर लगेच बसत नाही. पण सज्ञान झाल्यावर, बोजा आहे हे कळूनही मालमत्ता ठेवून घेतली, तर तो भार त्याचाच होतो. (मुस्लिम कायद्यातल्या हिब्याचे नियम वेगळे आहेत.)

बक्षीस स्वीकारावं लागतं, ते कोणी गळ्यात मारू शकत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. जमिनीचं बक्षीसपत्र नोंदणीकृत लागतं आणि त्यावर किमान दोन साक्षीदार लागतात. म्हणून अंगठा किंवा सही करण्याआधी ताजा सातबारा काढा. त्यातल्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा, सोसायटीचा बोजा आहे का, ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

भाऊ, वडील प्रेमानं देतात, तेव्हा “बोजा किती?” विचारणं जिवावर येतं. तरीही विचारा. प्रेम मनात राहतं, कर्ज सातबारावर राहतं.