चार लेन, दोन मॉनिटर

भोसरीतल्या एका टूल रूममध्ये डायचं डिझाइन दाखवायला गेलो होतो. शेठच्या केबिनमध्ये भिंतीवर नवाकोरा फोर-के मॉनिटर, टेबलावर जुना फुल एचडी. एकावर थ्रीडी मॉडेल, दुसऱ्यावर ड्रॉइंग, असा माझा बेत. सॅकमधून आदल्याच दिवशी घेतलेला हब काढला, त्याचं शेपूट लॅपटॉपच्या टाइप-सीत खोचलं, भिंतीवरचा मॉनिटर जोडला. चित्र झकास आलं. पण मॉडेल फिरवलं तसं ते गचके खाऊ लागलं. माउसचा बाण हाताच्या मागून पाय ओढत यायचा. शेठ थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, स्पिंडल वॉर्म-अप चाललाय का?" दुसरा मॉनिटर जोडायची माझी हिंमतच झाली नाही.

हबच्या खोक्यावर 'फोर-के' असं ठळक छापलं होतं आणि ते खोटं नव्हतं. दुकानदार म्हणाला होता, "टाइप-सी आहे ना सर? मग चालतंय की." तोही खोटं बोलला नव्हता. चूक माझी. एम-१०चा बोल्ट मागितला तर आमच्या भोसरीतलं शिकाऊ पोरगंही विचारतं, पिच दीड की सव्वा? आणि मी इतकी वर्षं या धंद्यात काढून नुसता भोकाचा आकार बघून माल घेतला होता.

टाइप-सी हे नाव फक्त आकाराचं आहे. आत काय धावतं, हे त्या नावावरून कळत नाही. २०१४ साली त्याचं मानक आलं. जेमतेम साडेआठ मिलिमीटर रुंदीच्या त्या भोकात २४ पिना बसवल्या आहेत. ४ पिना वीज नेतात, ४ ग्राउंडच्या. ४ जुन्या यूएसबी २.०च्या. २ पिना नुसत्या बोलणी करतात: प्लग सुलटा आहे की उलटा, वीज कोण देणार, किती देणार. २ मदतनीस म्हणून ठेवल्या आहेत. उरल्या ८. त्यांच्या दोन-दोनच्या ४ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी म्हणजे एक वेगवान लेन.

निगडीहून दापोडीकडे रोज जाणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. जुन्या पुणे-मुंबई हायवेवर मधल्या लेन ग्रेड सेपरेटरमधून सुसाट जातात, कडेला सर्व्हिस रोड आहे आणि बीआरटीच्या बसला लेन राखून ठेवली की बाकीच्यांच्या लेन तेवढ्या कमी होतात. टाइप-सीतही तेच. यूएसबी २.० हा सर्व्हिस रोड. कीबोर्ड, माउस तिथून निवांत जातात. मधल्या चार वेगवान लेन मात्र चित्र आणि डेटा या दोघांना वाटून घ्याव्या लागतात. हब बनवणारा ही वाटणी आधीच ठरवून टाकतो. एक तर चारही लेन चित्राला द्यायच्या आणि पेनड्राइव्हला सर्व्हिस रोडवर रखडत ठेवायचं, नाही तर दोन चित्राला, दोन डेटाला. बाजारातले बहुतेक छोटे हब दुसऱ्या प्रकारचे, कारण खोक्यावर 'यूएसबी ३' छापलं की खपतं.

आता हिशेब. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. एका चित्राचे झाले सुमारे १९ कोटी ९० लाख बिट. सेकंदाला अशी ६० चित्रं पाठवायची तर जवळजवळ १२ गिगाबिट लागतात. त्यावर ओळी आणि चित्रांमधली मोकळी जागाही पाठवावी लागते. काचेच्या जाडजूड नळीच्या टीव्हीत किरणाला परत फिरायला वेळ लागायचा, त्या काळाचा हा वारसा. तो धरून साडेबारा गिगाबिटच्या आसपास जातं. फुल एचडीला याच्या साधारण चौथा हिस्सा पुरतो.

आणि दोन लेनवर बसतं किती? ते लॅपटॉपमधल्या डिस्प्लेपोर्टच्या, म्हणजे चित्र पाठवायच्या भाषेच्या, पिढीवर आहे. १.२ या पिढीत एका लेनचा वेग ५.४ गिगाबिट. दोन लेनचे झाले १०.८. पण तारेवर प्रत्येक ८ बिट १० बिटांच्या पोशाखात पाठवावे लागतात, म्हणजे समोरच्याला ताल धरता येतो. पाचवा हिस्सा त्या पोशाखातच गेला, हातात राहिले ८.६४. साडेबारा काही त्यात बसेनात. मग लॅपटॉप आणि मॉनिटर आपसात तडजोड करतात आणि सेकंदाला ६०ऐवजी ३० चित्रांवर येतात. शेठच्या केबिनमधले गचके ते हेच. १.४ या पिढीत लेनचा वेग ८.१, हातात येतात १२.९६. साडेबारा त्यात बसतात, पण एसटीच्या सीटवर चौथा माणूस बसतो तसे. तोच हब मी नंतर सहकाऱ्याच्या नव्या लॅपटॉपला लावला, तर बाण लोण्यासारखा सरकला. हब निर्दोष सुटला.

प्रत्येक हब असा सुटत नाही. टाइप-सीतून चित्र डिस्प्लेपोर्टच्या भाषेत येतं आणि हबमधली एक चिप ते एचडीएमआयमध्ये बदलते. ही चिप एचडीएमआय १.४ची असेल, तर लॅपटॉप कितीही ताजा असो, फोर-के ३०वरच अडकतं. २.०ची असेल तरच ६०. खोक्यावर हा आकडा बारीक अक्षरात असतो. नसेलच, तर ३० समजून चाला.

दोन मॉनिटरचं प्रकरण वेगळं. एकाच वाटेवरून दोन वेगळी चित्रं पाठवायची सोय डिस्प्लेपोर्टमध्ये १.२पासून आहे. तिला एमएसटी म्हणतात. विंडोजवर ती चालते. मॅकबुकवर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं, कारण मॅकओएस एमएसटीवर पडदा वाढवू देत नाही. शिवाय साध्या एम-१ आणि एम-२ चिपच्या मॅकबुकला बाहेरचा मॉनिटरच मुळी एक जोडता येतो. त्यावर उतारा डिस्प्लेलिंकचा. यात चित्र सॉफ्टवेअरने दाबून, डेटा म्हणून यूएसबीतून पाठवतात आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. एक्सेल, मेल, ड्रॉइंग वाचणं यासाठी उत्तम. मोठी असेंब्ली फिरवायची असेल तर प्रोसेसरवर ताण येतो. त्याचा ड्रायव्हरही टाकावा लागतो, आणि चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर तो टाकायचा म्हणजे आयटीकडे तिकीट, मंजुरी आणि दोन दिवस. थंडरबोल्टचे डॉक ४० गिगाबिटचा रस्ता देतात, पण सोबत विटेएवढा ॲडॅप्टर आणि तशीच किंमत. तळेगाव चौकात तासभर क्लच दाबून बसल्यावर सॅकमध्ये आणखी वीट कोणाला हवी?

आमच्या पट्ट्यातल्या माणसाने हबवर आणखी एक पोर्ट बघावा, लॅनचा. पातळ लॅपटॉपना तो उरलेला नाही आणि लाइनवरच्या पीएलसीला बोलायला तोच लागतो. त्यात एक छुपं सुखही आहे. लॅन पोर्टच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याची सरळ वाट नसते, आणि हे तोडलेपण १५०० व्होल्ट सोसेल असं असावं लागतं. जुन्या सीएनसीचा आरएस-२३२ पोर्ट तसा नाही. त्याचा ग्राउंड हब आणि लॅपटॉपच्या ग्राउंडला थेट जोडला जातो. दोन पिनांच्या चार्जरवर असलेल्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात ना? तो पत्रा अर्थला टेकलेला नसतो. त्यात शेजारी वेल्डिंग चालू असेल, मशिनचं अर्थिंग यथातथा असेल, तर दोन ग्राउंडमधल्या फरकाचा करंट सिग्नलच्याच तारेतून वाट काढतो आणि पोर्ट जळतो. म्हणून सिरियल केबल जोडताना चार्जर काढा, हबला लावलेला मॉनिटरही काढा, बॅटरीवर काम उरका. नेहमीचंच काम असेल तर आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या. तो महाग वाटला तर कंट्रोलरच्या नव्या कार्डाची किंमत विचारून बघा.

वायरलेस माउस अडखळू लागला की सगळे सेल बदलतात. पण दोष बहुधा शेजारच्या हबचा असतो. यूएसबी ३च्या ५ गिगाबिटच्या वाहतुकीचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि माउस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ सालीच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. माउसचा रिसीव्हर हबवर न लावता लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. सेल वाचतील.

विजेचं थोडक्यात. हबवर १०० वॉट लिहिलेलं असलं तरी १०-१५ वॉट तो स्वतःसाठी ठेवतो. आणि केबल ५ अँपिअरची, म्हणजे आत ओळख सांगणारी चिप असलेली नसेल, तर गाडी ६० वॉटवरच थांबते. कॅडच्या दांडग्या लॅपटॉपचं तेवढ्यावर भागत नाही, त्यांचा चार्जर वेगळाच न्यावा.

मी स्वतः आता एक फोर-के, लॅन आणि यूएसबी ३ देणारा साधा हब बाळगतो. दुसरा मॉनिटर लॅपटॉपच्या स्वतःच्या एचडीएमआयला लावतो, म्हणजे चार लेनवर भार पडत नाही. ज्यांच्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे, त्यांनी दोन मॉनिटरचा महागडा हब घ्यायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हब घ्यायला पिंपरी कॅम्पात जा, नाही तर पुण्यात तपकीर गल्लीत, लॅपटॉप सोबत न्या. दुकानातल्या फोर-के पडद्याला हबमधून जोडून मागा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले आणि त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट वाचा. ६० दिसलं तर पैसे द्या. ३० दिसलं तर हब काउंटरवरच ठेवा.