पाउचची सूज मोजतात कशी?

अल्सरेटिव्ह कोलायटिस औषधांना दाद देईनासा झाला, की मोठे आतडे आणि गुदाशय काढून टाकण्याची वेळ येते. आता सूज धरायला आतडेच उरले नाही, असा दिलासा मग घरच्यांना वाटतो. पण या शस्त्रक्रियेत लहान आतड्याच्या टोकापासून मळ साठवण्यासाठी जो नवा कप्पा शिवतात, त्यालाही सूज येऊ शकते. त्या कप्प्याला पाउच म्हणतात आणि त्याच्या सुजेला पाउचायटिस. पाउच केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणांना कधी ना कधी हा त्रास होतो.

पाउच आला कुठून

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील अॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी १९७८ मध्ये ही शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. त्यांचा पाउच इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा होता. जपानच्या उत्सुनोमिया यांनी १९८० मध्ये जे आकाराचा पाउच मांडला. तो शिवायला सोपा आणि रिकामाही सहज होणारा असल्याने आज बहुतेक ठिकाणी तोच करतात.

नुसत्या लक्षणांवर भिस्त का नको

शौचाच्या खेपा वाढल्या, पोटात कळा येऊ लागल्या, की पाउचायटिसच असणार असे रुग्णाला वाटते; पुष्कळदा डॉक्टरांनाही वाटते. पण हीच लक्षणे इतर कारणांनीही होतात. पाउच आतून निरोगी असूनही तो नुसताच चिडचिडा झालेला असू शकतो. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचा संसर्ग, जोडाची जागा अरुंद होणे किंवा क्रोन्स रोग यांपैकीही काही निघू शकते. प्रत्येकाचा उपचार वेगळा. म्हणून तपासणी न करता दर वेळी प्रतिजैविकांचा कोर्स सुरू करणे मला घातक वाटते. औषध चुकीचे असेल तर गुण येत नाहीच, वर जंतू त्या औषधाला निर्ढावतात.

अठरा गुणांचा तक्ता

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या सँडबॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी तयार केली. तिचे संक्षिप्त नाव पीडीएआय. लक्षणे, दुर्बिणीतून दिसणारे चित्र आणि बायोप्सी या तिन्हींना प्रत्येकी सहापर्यंत गुण आहेत. एकूण सात किंवा जास्त झाले, तर पाउचायटिस धरतात.

लक्षणांमध्ये चार गोष्टी पाहतात. शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या झालेल्या खेपांपेक्षा रोज एक-दोन वाढल्या तर एक गुण, तीन किंवा जास्त वाढल्या तर दोन. शौचाची घाई किंवा कळा अधूनमधून असतील तर एक, नेहमीच्या असतील तर दोन. रोज रक्त पडत असेल तर एक. ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे साधारण १०० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर एक.

दुर्बिणीत अस्तराला आलेली फुगवट, खरखरीतपणा, स्पर्श होताच रक्त येणे, रक्तवाहिन्यांची जाळी न दिसणे, चिकट स्राव आणि व्रण, या प्रत्येकाला एक गुण. स्टेपलच्या टाक्यांच्या रेषेवर एखाददुसरा व्रण दिसला, तर तेवढ्यावरून पाउचायटिस ठरवत नाहीत. बायोप्सीत पांढऱ्या पेशी किती घुसल्या आहेत आणि व्रणांनी किती भाग व्यापला आहे, ते पाहतात.

समजा, दोघांच्या खेपा रोज सहावरून नऊवर गेल्या आणि कळा नेहमीच्याच झाल्या. ताप नाही, रक्त नाही. लक्षणांचे गुण दोघांचेही चार. पहिल्याचे अस्तर दुर्बिणीत स्वच्छ दिसले, बायोप्सीही ठीक आली, एकूण चारच. दुसऱ्याला दुर्बिणीत फुगवट, स्पर्श होताच येणारे रक्त आणि व्रण मिळून तीन, बायोप्सीचे दोन, एकूण नऊ. पाउचायटिस फक्त दुसऱ्याला आहे.

बायोप्सीशिवाय

बायोप्सीच्या अहवालासाठी थांबावे लागते, खर्चही वाढतो. म्हणून पुढे तो भाग वगळून बारा गुणांचा सुटसुटीत तक्ता आला. त्यात पाच किंवा जास्त म्हणजे पाउचायटिस. वरच्या उदाहरणात पहिल्याचे चार आणि दुसऱ्याचे सात होतात. निदान तेच राहते.

शौचाच्या नमुन्यातील कॅल्प्रोटेक्टिनची तपासणीही उपयोगी आहे. हे पांढऱ्या पेशींमधले प्रथिन सुजेत वाढते. मात्र सूज नेमकी कुठे आणि कशामुळे, हे ते सांगत नाही. एकाच आकड्यापेक्षा त्याच रुग्णाचे आधीचे आणि आताचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

तक्त्यात नसलेली जागा

पाउच आणि गुदद्वार यांच्या जोडापाशी गुदाशयाच्या जुन्या अस्तराची एक अरुंद पट्टी पुष्कळदा शिल्लक असते. मूळ कोलायटिस तिथे पुन्हा डोके वर काढू शकतो. रक्त पडण्याचे कारण कधी कधी तिथेच सापडते. पाउचच्या अलीकडचे लहान आतडेही पाहावे लागते, कारण लांबवर सूज असेल तर क्रोन्सची शंका घ्यावी लागते. दुर्बीण तपासणीच्या अहवालात या दोन जागांचा उल्लेख नसेल, तर रुग्णाने तो आवर्जून विचारावा.

रुग्णाकडची नोंद

पाउच स्थिरावल्यावर दिवसरात्र मिळून खेपा किती होतात, हे लिहून ठेवावे. बऱ्याच जणांच्या चार ते आठ होतात. कुणाला आठ नेहमीच्या असतात, तर कुणाला आठ म्हणजे दुखण्याची सुरुवात. तक्त्याची पहिलीच ओळ वाढलेल्या खेपा मोजते, आणि मूळ आकडा फक्त रुग्णालाच ठाऊक असतो. सोबत वेदनाशामक गोळ्या कोणत्या घेतल्या तेही लिहावे. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पाउचला व्रण पडू शकतात.