हिलशाची पिले आणि बारीक आसाचे जाळे

हिलसा हा समुद्रात वाढणारा, परंतु अंडी घालण्यासाठी नदीच्या गोड्या पाण्यात येणारा मासा होय. कोकण किनाऱ्यावर त्यास पाला म्हणतात. पश्चिमेस पावसाळ्यात तो नर्मदेच्या मुखातून भरूचकडे चढतो. बंगालमध्ये हुगळी नदीत त्याच्या पिलांचा पुष्कळ अभ्यास झालेला असून तो सर्वच मच्छीमारांस बोधप्रद आहे.

पिलांचा प्रवास

पावसाळ्यात नदीस पूर आला म्हणजे हिलशाचे थवे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. एक मादी आकारमानाप्रमाणे एक लाखापासून वीस लाखांपर्यंत अंडी घालते. ती सुमारे एका दिवसात फुटतात. पावसाळा सरता सरता ही इवलीशी पिले नदीच्या वरच्या, गोड्या पाण्याच्या भागात आढळतात. हिवाळ्यात पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व जीव खाऊन ती वाढतात आणि हळूहळू खाली सरकतात. उन्हाळ्याच्या सुमारास बोटाएवढी व त्याहून मोठी झालेली पिले थव्याथव्याने खाडीच्या मचूळ पाण्यात उतरतात व पुढे समुद्र गाठतात.

कलकत्त्याच्या उत्तरेस पलता येथे शहरासाठी नदीचे पाणी तलावांत निवळत ठेवतात. या पाण्याबरोबर तलावांत शिरलेल्या पिलांचा अभ्यास डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या सुमारास केला. त्यामुळे हिलशाच्या जीवनक्रमावर बराच प्रकाश पडला.

नुकसान कोठे होते

पिले खाली उतरतात त्याच दिवसांत नदीत व खाडीत बारीक आसाची जाळी लागलेली असतात. आपल्याकडील डोल जाळ्याप्रमाणे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवलेल्या जाळ्यांत लहानमोठे सर्वच मासे अडकतात. आज हातभर लांबीच्या टोपलीत भरलेली ही पिले अल्प दरात विकली जातात. तीच समुद्रात पोचून वाढली, तर एकेक मासा अर्धा ते एक किलोग्रॅम वजनाचा होऊन परत येतो. मच्छीमाराच्या घरी त्या दिवशी चूल पेटते हे खरे. परंतु त्याचे पुढील वर्षाचे भांडवलही त्याच चुलीत जाते.

दुसरी अडचण बांधाऱ्यांची. पूर्वी हिलसा गंगेतून प्रयागपर्यंत जात असे. १९७५ साली फराक्का येथील बंधारा सुरू झाल्यानंतर वरच्या भागातील मासेमारी फार घटली. म्हणून बंधाऱ्याखालील पिलांचे रक्षण अधिकच महत्त्वाचे ठरते. पश्चिम बंगाल शासनाने २०१३ साली २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडण्यास व विकण्यास, तसेच ९० मिलिमीटरपेक्षा कमी आसाची जाळी हिलशासाठी वापरण्यास मनाई केली.

आपण काय करावे

हाच न्याय आपल्या तलावांसही लागू आहे. मोठ्या कष्टाने मत्स्यजिरे वाढवून, बोटुकली तलावात सोडून लगेच बारीक जाळे ओढणे म्हणजे उगवते पीक कापणे होय. ग्रामसेवकांनी सहकारी संस्थांच्या सभांत ही गोष्ट समजावून द्यावी. लहान पिले जाळ्यात आल्यास जिवंत असतानाच पाण्यात सोडावीत. मात्र पिले उतरण्याच्या काळात मच्छीमारांस दुसरे काम मिळेल, याचीही तजवीज गावाने करावी. कारण रिकाम्या पोटी कोणताही नियम टिकत नाही.