शाळेचा गट आणि मुलांची झोप

रात्री उशिरा शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर ‘उद्या तक्ता आणावा’ असा निरोप येतो आणि निजानीज होऊ लागलेले घर पुन्हा जागे होते. सकाळी पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या मुलाची चौकशी करताना कधी कधी या निरोपापर्यंत पोहोचावे लागते. तपासणीत आजार सापडत नाही. अपुरी झोप आणि धास्ती मात्र सापडते.

समाजमाध्यमांविषयी शिक्षकांच्या बोलण्यात दोन सूर ऐकू येतात. काहींना ते वरदान वाटते, आणि त्याला आधारही आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शाळांचे वर्ग व्हॉट्सॲपवरच भरले. एखादी अवघड संकल्पना लहानशा चित्रफितीतून घरबसल्या पुन्हा पाहता येते, आजारी मुलाचा अभ्यास बुडत नाही. दुसरा सूर थकव्याचा आहे. शाळा सुटते, पण आपण सुटत नाही, असे एका शिक्षिकेने रक्तदाब तपासून घेताना मला सांगितले. पालकांचे प्रश्न रात्री दहापर्यंत येत राहतात. ही नाराजी म्हणजे तंत्रज्ञानाचा तिटकारा नव्हे; ती विश्रांतीची मागणी आहे.

मुलांचीही मागणी तीच आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दररोज ९ ते १२ तास, तर तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. रात्री डोळ्यांवर पडणारा पडद्याचा प्रकाश मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती रोखतो आणि झोप लांबते. केंद्र सरकारच्या २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेनेही पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन अध्यापनाची मर्यादा दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे अशी सुचवली होती.

म्हणून माध्यम नाकारण्यापेक्षा त्याला वेळ आणि शिस्त लावणे हिताचे. गृहपाठ वर्गातच वहीत लिहून द्यावा. गटावर केवळ स्मरण असावे. सायंकाळी सातनंतर निरोप नको. गटावर फक्त प्रमुखांनाच लिहिता येईल, अशी सोय सुरू करावी. कोणाचेही गुण वा चुका सर्वांसमोर मांडू नयेत. ती लाज मुलाच्या मनात दीर्घकाळ राहते. पालकांनी मोबाइल मुलाच्या हाती न देता निरोप स्वतः वाचून सांगावा आणि शिक्षकांनाही रात्री विचारणा करू नये.

येत्या पालकसभेत एवढी वेळ तरी सर्वांनी मिळून ठरवून घ्यावी.